बेट ते बेट वाट कुठे आहे? हिंद महासागरातील पर्यटनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री,
श्रीलंका, मालदीव, सेशेल्स, मॉरिशस, मादागास्कर आणि कोमोरोस;
तसेच रियुनियनच्या पर्यटनाची जबाबदारी सांभाळणारे सर्व पदाधिकारी

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मी अठरा जणांना कळवलं की आपला बेटांचा दौरा रद्द झाला आहे आणि भरलेले सगळे पैसे परत मिळतील. मजकूर चार ओळींचा होता, पण तो लिहायला मला दोन दिवस लागले. एकोणीस वर्षं मी मराठी पर्यटकांचे लहान गट घेऊन तुमच्याकडे येते आहे. त्यातली अकरा वर्षं हा एक दौरा मी जिवापाड जपला. कोलंबोला उतरायचं, मालदीवच्या एखाद्या वस्तीच्या बेटावर चार दिवस राहायचं, मग सेशेल्स आणि शेवटी मॉरिशस. एकाच समुद्रातले चार शेजारी एका फेरीत भेटावेत, एवढाच त्यामागचा विचार होता.

यंदा तो मोडला. दोन बेटांमधल्या ज्या एका विमानावर सगळं बेतलेलं होतं, ते दौरा निघायच्या तीन आठवडे आधी तीन दिवसांनी पुढे ढकललं गेलं. पुढच्या खोल्या, होड्या, परतीची तिकिटं सगळी एकमेकांत अडकलेली. दुसरा मार्ग शोधला, तर तो आखातातल्या विमानतळावरून निघाला. म्हणजे दक्षिणेच्या शेजाऱ्याकडे जायचं तर आधी उत्तरेला अरबस्तानापर्यंत जायचं, रात्र बाकड्यावर काढायची आणि तेवढंच अंतर पुन्हा खाली यायचं. गटात सत्तरी ओलांडलेले पाच जण होते. त्यांना हे करायला सांगणं मला जमलं नाही.

त्या पाचांत एक निवृत्त शिक्षक होते. त्यांच्या आजोबांचे चुलते कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेले आणि परत आले नाहीत, एवढंच घरात पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. हे मजूर जिथे उतरत, त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या, असं त्यांनी नोंदणीच्या कागदावर पेनानं लिहून दिलं होतं. मी त्यांना नुसत्या मॉरिशसची सहल सुचवली. ते म्हणाले, "ताई, मॉरिशसला कुणीही नेईल हो. मला मधला समुद्र बघायचा होता."

मधला समुद्र. या पत्रात मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण तुमच्या दाराशी येणाऱ्यांत ही भाषा बोलणारे हजारोंनी आहेत. मॉरिशसच्या मंत्रिमहोदयांना तर हे सांगायला नको. तुमच्या देशात मराठी आजही शाळेत शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, झाकरीची गाणी अजून म्हटली जातात. हे पत्र मी तुमच्या कार्यालयांकडे पाठवते आहेच. पण ते उघडही ठेवते आहे, म्हणजे जे आमचे लोक मधुचंद्राला, लग्नाच्या वाढदिवसाला, निवृत्तीनंतरच्या पहिल्या परदेशवारीला तुमच्याकडे येतात, त्यांनाही कळेल की आपण कुठे जातो आणि आपल्या पैशाचं तिथे काय होतं, काय होऊ शकतं.

या समुद्राची जुनी रीत निराळी होती. सेशेल्सच्या प्रालँ आणि क्युरियूज या दोनच बेटांवर निसर्गतः उगवणारा एक प्रचंड नारळ आहे, कोको द मेर. आतून पोकळ झालेली त्याची फळं लाटांवर वाहत मालदीवच्या किनाऱ्याला लागत. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून ते समुद्राच्या तळाशी वाढतं अशी समजूत होती. आपल्या बाजूला त्याला दर्याई नारळ म्हणत, आणि फकिरांची भिक्षापात्रं त्याच्या करवंटीची असत. उगवतो सेशेल्सला, पण त्याच्या शास्त्रीय नावात आजही मालदीव आहे. मराठीत आपण 'फुटकी कवडी' म्हणतो, 'कवडीमोल' म्हणतो. त्या कवड्या शतकानुशतकं मालदीवहून गलबतं भरून भारतात येत होत्या. रियुनियनवर १८४१ मध्ये एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं व्हॅनिलाच्या फुलाचं हातानं परागीकरण करण्याची सोपी युक्ती शोधली. ती मादागास्करला आणि कोमोरोसला पोचली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या तिच्यावर जगल्या. एका बेटाचं दुसऱ्या बेटाला मिळत गेलं, असाच हा इतिहास आहे.

म्हणूनच २०१० मध्ये रियुनियन, मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस आणि मायोत यांनी मिळून 'व्हॅनिला आयलंड्स' नावाची पर्यटन-आघाडी उभी केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. वाटलं, आता बेटं एकमेकांची पाहुण्यांना ओळख करून देतील. पंधरा वर्षं उलटून गेली. प्रदर्शनांत एकत्र मांडलेली पत्रकं मी पाहिली. पण माझ्या हातात अजून असा एकही परवाना, एकही तिकीट, एकही वेळापत्रक नाही ज्याच्या भरवशावर मी अठरा माणसांना एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेऊ शकेन.

माझी पहिली तक्रार वाटेचीच आहे. तुमचं प्रत्येक बेट दूरच्या राजधान्यांशी जोडलेलं आहे, शेजाऱ्याशी नाही. युरोपातून किंवा आखातातून तुमच्याकडे यायला आठवडाभर विमानं आहेत. शेजारच्या बेटावर जायचं तर मोजकी, आणि तीही हंगाम बदलला की बदलणारी. मॉरिशस आणि रियुनियन यांच्यात जेमतेम दोनशे किलोमीटरचं पाणी आहे. तरी दोन्ही बेटं एका सहलीत दाखवायची म्हटलं की कागदपत्रांचे दोन वेगळे गठ्ठे होतात. रियुनियन फ्रान्सचं, चलन युरो, पण शेंगेन म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात नाही, हे समजावून सांगण्यातच माझा एक दिवस जातो. माझ्या चार बेटांच्या दौऱ्यात प्रत्येक पर्यटकाचे चार वेगळे ऑनलाइन अर्ज भरावे लागतात. तेच नाव, तोच पासपोर्ट, तोच फोटो, त्याच प्रश्नांची तीच उत्तरं. ज्यांना स्मार्टफोनवर बोट फिरवायची सवय नाही अशांचे अर्ज मी रात्री बसून भरते.

पण खरं सांगू का, पर्यटकाचं तरी कसंबसं निभतं. पैसे मोजले की वाट निघते. बेटावरच्या माणसाचं निभत नाही, आणि ते मला जास्त लागतं.

मालदीवमध्ये मी ज्या गेस्ट हाउसमध्ये गट ठेवते, ते एक बाई चालवतात. माझ्याच वयाच्या. सकाळी मासहुनी आणि रोशी करतात, आणि आमच्या बायका त्यांच्या ओट्यापाशी उभ्या राहून रोशी आपल्या पोळीसारखी फुगते का ते बघतात. दहा वर्षांची आमची ओळख. एकदा त्यांनी मला विचारलं, "डोंगर चढताना कान बंद होतात, हे खरं आहे?" त्यांनी उभ्या आयुष्यात डोंगर पाहिला नव्हता. मालदीवची ऐंशी टक्के जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाही. त्याच समुद्रात रियुनियनवर ३,०७० मीटर उंचीचा पितों दे नेज आहे, पायथ्याशी दऱ्याखोऱ्यांत वसलेली गावं आहेत. या बाईंकडे जगभरातले पाहुणे राहून गेले. त्यांना स्वतःला शेजारच्या बेटावर पाहुणं म्हणून जायची सोय मात्र कुणी केली नाही. आणि सेशेल्सच्या ला दिग बेटावर आमच्यासाठी सायकली भाड्यानं देणारे गृहस्थ आहेत, त्यांना मॉरिशसमधल्या आपल्या चुलत बहिणीकडे जायला किती खर्च येतो ते त्यांनी मला सांगितलं, तेव्हा मी गप्प बसले. तेवढ्या पैशांत माझा पर्यटक निम्मा दौरा करतो.

याहून वाईटही आहे. कोमोरोसच्या अंजुआन बेटापासून मायोत सत्तर किलोमीटरवर आहे. १९७५ मध्ये कोमोरोस स्वतंत्र झाला, मायोत फ्रान्सकडे राहिलं आणि २०११ पासून ते फ्रान्सचा पूर्ण विभाग आहे. १९९५ पासून कोमोरोसच्या माणसाला तिथे जायला व्हिसा लागतो. नातीगोती दोन्हीकडे पसरलेली असताना माणसं रात्री लहान होड्यांतून निघतात आणि गेल्या तीस वर्षांत त्या पाण्यात किती बुडाली याची धड गणतीही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये चिडो चक्रीवादळानं मायोतची वस्ती जमीनदोस्त केली, तेव्हा पत्र्याच्या घरांत राहणारी हीच माणसं सगळ्यात आधी उघड्यावर आली. हा प्रश्न पर्यटनमंत्र्यांच्या हातातला नाही, हे मला माहीत आहे. पण ज्या आघाडीत कोमोरोस आणि मायोत शेजारी-शेजारी नाव लावून बसतात, तिथे या सत्तर किलोमीटरचा उल्लेखही होऊ नये, हे मला पटत नाही. पत्रकावरच्या निळ्या पाण्यात ते पाणीही आहे.

दुसरी तक्रार: संकट आलं की तुम्ही प्रत्येक जण एकटे होता. करोनाकाळ आठवा. मालदीवनं जुलै २०२० मध्ये दार उघडलं, श्रीलंकेनं जानेवारी २०२१ मध्ये, सेशेल्सनं मार्चमध्ये, मॉरिशसनं पूर्णपणे १ ऑक्टोबर २०२१ ला. प्रत्येकाची आरोग्यव्यवस्था वेगळी, निर्णयही वेगळे असणार, ते मान्य. पण चाचणीचे नियम, विलगीकरणाचे दिवस, विम्याचे कागद यांचा मेळ बसवायला सव्वा वर्षात एक बैठक पुरेशी नव्हती का? त्या काळात माझ्या ओळखीच्या होडीवाल्यांनी होड्या विकल्या. त्यातल्या काहींनी पुन्हा घेतल्या नाहीत.

श्रीलंकेवर तर एकापाठोपाठ एक घाव पडले. २१ एप्रिल २०१९ ला ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले. आदल्याच वर्षी तेवीस लाखांवर पर्यटक आले होते. मग करोना, मग २०२२ चं आर्थिक संकट. माझा तिथला गाडीवाला पेट्रोलच्या रांगेत दोन रात्र गाडीत झोपला आणि आमचा गट येणार नाही हे कळल्यावरही त्यानं फोनवर आधी आमचीच चौकशी केली. त्या वर्षी शेजारच्या बेटांच्या जाहिराती आमच्याकडे जोरात सुरू होत्या: श्रीलंकेचं बुकिंग रद्द झालं असेल तर आमच्याकडे या, सवलत देतो. व्यापार म्हणून त्यात गैर काही नाही, असं म्हणतील. मला ते शेजाऱ्याच्या जळत्या घरावर पोळी भाजून घेण्यासारखं वाटलं. आणि पाळी सगळ्यांवर येते. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी समाजमाध्यमांवर भारताबद्दल नको ते लिहिलं, ते निलंबित झाले, पण आमच्याकडे बहिष्काराची लाट उसळली. २०२३ मध्ये मालदीवला सर्वाधिक पर्यटक भारतातून गेले होते, दोन लाखांहून जास्त. पुढच्या वर्षी भारत पहिल्या क्रमांकावरून पार खाली घसरला. माझ्याही एका गटानं नाव मागे घेतलं. भांडण राजधान्यांचं होतं. खोल्या रिकाम्या राहिल्या त्या गेस्ट हाउसवाल्या बाईंच्या, ज्यांनी कुणाबद्दल वाकडा शब्द काढला नव्हता. आमच्या लोकांनाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं, आजही सांगते. पण एका देशाच्या पर्यटकांवर इतकं अवलंबून राहणं हा धोरणाचा दोष आहे, आणि त्यावर उपाय शेजाऱ्यांनी मिळून करण्याचा आहे.

तिसरी गोष्ट पैशाची. मालदीवमध्ये १९७२ मध्ये कुरुंबाला पहिलं रिसॉर्ट सुरू झालं आणि 'एक बेट, एक रिसॉर्ट' ही पद्धत रुळली. पर्यटक विमानतळावरून थेट होडीत किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानात बसतो आणि आठवडाभरानं तसाच परततो. माझ्या ओळखीची कितीतरी जोडपी मालदीवला जाऊन आली, त्यांनी तिथला एकही सामान्य माणूस घरी बसलेला पाहिला नाही. २००९ नंतर वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाली, हा मला तुमच्या पर्यटनातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. साध्या कुटुंबांच्या हातात थेट पैसा आला, आणि माझ्यासारख्या मध्यमवर्गीयांचे गट आणणारीला दार मिळालं. पण जाहिरातीचा सारा झोत अजून पाण्यावरच्या लाकडी घरांवरच आहे. मॉरिशसमध्ये किनारा कायद्यानं सार्वजनिक आहे, तरी हॉटेलांसाठी एकेक पट्टा जातो म्हणून लोकांना पोमपोनेतच्या किनाऱ्यावर आंदोलन करावं लागलं. रविवारी मॉरिशसची कुटुंबं फिलाओच्या झाडांखाली चटया पसरून, भांडी उघडून, रावान हा डफ वाजवत बसतात. माझे पर्यटक त्यांच्या शेजारी बसून ढोल पुरी, म्हणजे डाळ भरलेली पोळी, खातात आणि "अहो, ही तर आपली पुरणपोळीच, फक्त तिखट" म्हणून हरखतात. अकरा वर्षांत आमच्या अभिप्रायांच्या वहीत सर्वात जास्त वेळा तीच दुपार आली आहे. तो किनारा बंद झाला तर मी पर्यटकांना काय दाखवू?

आता कर. मालदीवनं हरित कर जानेवारी २०२५ पासून दुप्पट केला: रिसॉर्टमध्ये दर माणशी दर रात्री १२ डॉलर, लहान गेस्ट हाउसमध्ये ६. सेशेल्सनं २०२३ पासून पर्यावरणाच्या नावानं दर रात्रीची आकारणी सुरू केली. मी या करांच्या विरोधात नाही. उलट माझ्या पत्रकात मी ते वेगळ्या ओळीत छापते आणि का द्यायचे ते सांगते. पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "याचं ते करतात काय?" आणि तिथे माझ्याकडे दाखवायला साधं, एका पानाचं, प्रत्येक बेटावर किती गेलं आणि कशावर गेलं असं उत्तर नसतं. मालदीवची राजधानी मालेचा कचरा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून थिलाफुशीच्या बेटावर टाकला जात आला. त्यात माझ्या पर्यटकांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्याही आहेत. आमच्या पैशानं तो उपसला जात असेल, तर ते आम्हाला दिसू द्या.

चौथ्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तो मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

२५ जुलै २०२० ला 'वाकाशियो' हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेयेला प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. बारा दिवस ते तिथेच होतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे हजार टन तेल खाडीत उतरलं. सरकारी यंत्रणा पोचण्याआधी माणसं पोचली. उसाची पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्यांना बाटल्या बांधून त्यांनी तरंगते बांध केले. केस तेल शोषतात म्हणून न्हाव्यांच्या दुकानांतून केस गोळा झाले, बायकांनी आपले केस कापून दिले. सीमा उघडल्यावर पहिल्याच गटाबरोबर मी तिथे गेले. ज्या होडीवाल्याबरोबर आम्ही 'ब्लू बे' या खाडीत जात असू, त्यानं मला हातमोजे न घालता तेल उपसलं त्या दिवसांबद्दल सांगितलं आणि मग म्हणाला, आमच्याकडे बांध घालायला काही नव्हतं, ऊस होता.

दहा महिन्यांनी, मे २०२१ मध्ये, कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' पेटलं आणि जूनमध्ये बुडालं. त्यातले प्लॅस्टिकचे बारीक दाणे नेगोंबोच्या किनाऱ्यावर घोटाभर साचले, मेलेली कासवं लागली, कोळ्यांना समुद्रात जायला बंदी झाली. २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १ अब्ज डॉलरच्या भरपाईचा आदेश दिला. दोन अपघात, दोन बेटं, एकच जहाजमार्ग. मॉरिशसच्या लोकांनी पाचटाचे बांध कसे केले, तेल उपसल्यानंतर खाजणातल्या झाडांची मुळं कशी धुतली, हे श्रीलंकेच्या कोळ्यांना कुणी जाऊन सांगितलं का? मी दोन्हीकडे विचारलं. मला भेटलेल्या कुणालाही ते माहीत नव्हतं.

प्रवाळाचंही तेच. १९९८ मध्ये समुद्र तापला तेव्हा मालदीव आणि सेशेल्सच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ पांढरं पडून मेलं. सावरतं न सावरतं तोच २०१६ आलं, मग २०२४. मी पहिल्यांदा स्नॉर्कल लावून पाण्यात तोंड घातलं तेव्हा जिथे जांभळी झुडपं पाहिली होती, तिथे आता राखेसारखा चुरा आहे. पर्यटकाला मी "पाहा" म्हणून सांगते आणि काय दाखवायचं ते शोधत राहते. यात सेशेल्सनं खरोखर वाट दाखवली आहे. कर्जात सवलत घेऊन त्या बदल्यात समुद्ररक्षण, २०१८ मध्ये जगातला पहिला सार्वभौम 'ब्लू बाँड', म्हणजे समुद्राच्या कामासाठी सरकारनं काढलेला कर्जरोखा, आणि २०२० पर्यंत आपल्या सागरी हद्दीचा तीस टक्के भाग संरक्षित. हे एक लाखाच्या आसपास वस्तीच्या देशानं केलं. बाकीच्यांनी ते शिकून घ्यायला अडचण कसली आहे?

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही स्वतः माणसं विमानात घालून आणता आणि समुद्र तापतो म्हणून रडता. हा आक्षेप रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. म्हणूनच तर जोड-दौऱ्याचा माझा आग्रह आहे. एका माणसानं चार वर्षांत चार वेळा लांबचं विमान धरून चार बेटांवर चार-चार रात्री काढण्यापेक्षा त्यानं एकदाच यावं, तीन आठवडे राहावं, बेटाबेटानं पुढे जावं. लांबचं उड्डाण कमी, मुक्काम जास्त, पैसा अनेक हातांत. एका बेटावर संकट आलं तर दौरा वळवता येतो, रद्द करावा लागत नाही. आज तुम्ही दरवर्षी किती लाख आले याचे आकडे साजरे करता. २०२४ मध्ये मालदीव वीस लाखांवर गेलं, पाच लाखांच्या आसपास वस्तीचा देश. आलेला माणूस किती दिवस राहिला आणि त्याचा पैसा किती घरांत गेला, हे आकडेही त्याच पानावर छापा.

माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यासाठी नवी संस्था काढायला नको.

एक हंगाम, तीन महिने, सहा देशांचा मिळून एकच प्रवेश-परवाना देऊन पाहा. एकदा अर्ज, एकदा तपासणी, मग बेटाबेटावर नुसता शिक्का. हे अशक्य नाही. २००७ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी कॅरिबियनमधल्या दहा देशांनी फेब्रुवारी ते मे असंच केलं होतं. भारत पहिल्याच फेरीत बाद झाला म्हणून आपल्याकडे त्या स्पर्धेची आठवण कुणी काढत नाही, पण एका बेटावर पासपोर्ट दाखवून बाकीच्यांवर मोकळेपणानं फिरता येतं, हे तिथे सिद्ध झालं. स्पर्धेसाठी जमलं ते माणसांसाठी जमवा. आणि या परवान्याचा पहिला हक्क बेटांच्या नागरिकांना द्या. आम्ही पर्यटक मागून येऊ.

शेजारी बेटांना जोडणारी निदान एक फेरी, विमानाची असो की बोटीची, आठवड्याच्या ठरलेल्या वारी, वर्षभर, तोटा झाला तरी बंद न होणारी ठेवा. तोटा तुम्ही गोळा करत असलेल्या करांतून भरा. कॅरिबियन बेटांची लिआट ही कंपनी १९५६ पासून बेटं जोडत होती आणि २०२० मध्ये करोनात कोलमडली. तेव्हा एकट्या कंपनीच्या नफ्यातोट्यावर हा भार सोडू नका, रस्त्यासारखा तो खर्च धरा. भाड्यात बेटवासीयांना सवलत असावी.

हरित करांचा हिशेब दर सहा महिन्यांनी बेटवार जाहीर करा, आणि त्यातला ठरावीक हिस्सा एका सामायिक निधीत टाका: तेलाचे बांध, प्रशिक्षित माणसं, प्रवाळाची देखरेख. जहाज कुणाच्याही किनाऱ्याला लागो, सामान आणि माणसं शेजाऱ्याकडून चोवीस तासांत निघतील अशी व्यवस्था करा.

सार्वजनिक किनाऱ्याचा एकही नवा पट्टा हॉटेलला देण्याआधी त्या गावाची उघड सुनावणी घ्या.

आणि तुमच्या बैठकांना होडीवाले, गेस्ट हाउस चालवणाऱ्या बायका, गाडीवाले, गाइड यांना बोलवा. हॉटेलसाखळ्यांच्या आणि विमान कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी खुर्ची असते, तशी त्यांच्यासाठीही ठेवा. दुभाष्याची सोय करा. त्यांना बोलताना संकोच वाटेल, पण एकदा बोलायला लागले की तुम्हाला सल्लागार नेमायची गरज कमी भासेल.

पुढच्या हंगामाची नोंदणी मी दिवाळीनंतर सुरू करते. चार बेटांच्या दौऱ्याचं पान मी छापून तयार ठेवलं आहे, तारखांची जागा कोरी सोडून. ते निवृत्त शिक्षक दर पंधरा दिवसांनी फोन करून "काही कळलं का?" असं विचारतात. पैसे परत घ्यायला त्यांनी नकार दिला आहे; ठेवा म्हणाले, पुढच्या वर्षी लागतील. त्यांना काय सांगायचं ते मला दिवाळीपूर्वी कळवावं, ही विनंती.

आपली नम्र,
एकोणीस वर्षं तुमच्या बेटांवर पाहुणे घेऊन येणारी एक सहल-संचालिका